उजवा खांदा

"दोन्ही तळहात भिंतीला टेका आणि भिंत ढकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सदरा काढून मी उघडाच उभा होतो. डिसेंबरचा महिना, कोल्हापूरची थंडी, आणि कुणीतरी डोक्यावरचा पंखा सुरू ठेवलेला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायची शिक्षा मी मास्तर म्हणून सव्वीस वर्षं पोरांना देत आलो होतो, आज माझ्यावर पाळी आली. ढकलली भिंत. डावा हात नीट टेकला, उजवा नुसताच लटपटला.

पाठीमागून "हं" असा आवाज आला. ह्या माझ्या सहाव्या डॉक्टर. आधीच्या पाचांपैकी एकानेही कधी "हं" केलं नव्हतं. मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांना सगळं कळलेलं असायचं.

एवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली माझी बायको, वनिता, ताडकन उठली.

"अगोबाई! मोठ्या भावजींची पाठ अश्शीच व्हती!"

"कोण मोठे भावजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ह्यांचे थोरले भाऊ, रघुनाथभावजी. आंगणात उघडे बसायचे ना, तर उजवा फरा असाच बाहेर आलेला दिसायचा. कोंबडीनं एकच पंख उचलल्यावानी."

"तिचं काही ऐकू नका," मी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणालो. "तो दारू प्यायचा."

"दारूनं खांद्याचा फरा बाहेर येत नाही," बाई म्हणाल्या. "घाला सदरा."

सदरा घालायला मला वनिताची मदत लागायची. ती बटणं लावत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. नसांची तपासणी आधीच झाली होती. दंडात, खांद्यात सुया टोचून वीज सोडली होती आणि यंत्रावरच्या रेघा कागदावर उमटल्या होत्या. बाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मानेतून हाताकडे नसांचा एक जुडगा जातो, तो आपला आपणच सुजतो, म्हणाल्या. आधी काही दिवस आग होते, माणसाला बसवत नाही की निजवत नाही. मग दुखणं ओसरतं, माणसाला वाटतं सुटलो, आणि तेव्हाच कळतं की हातातली ताकद गेली. स्नायू वाळतात. कुणाच्या चुकीने होत नाही. वर्ष-दोन वर्षांत पुष्कळसं परत येतं, व्यायाम करायचा, आणि खांद्यावर ओझं म्हणून घ्यायचं नाही.

"भावाला असंच झालं होतं का?"

"मला काही आठवत नाही," मी म्हणालो.

"जमलं तर त्यांना घेऊन या. दोघा भावांना असेल तर ते रक्तातून आलेलं असू शकतं. मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी."

"मग तिलाही माहीत असायला हवं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा वनिताने मला दिली, उजव्या हाताला धक्का लागू नये म्हणून. आंबा घाट उतरेपर्यंत ती तोंडाला पदर लावून बसली. तिला उलटीची भीती असते, तेव्हा मला ते बरंच वाटलं.

दुखणं सुरू झालं ते गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे खांद्यात अशी आग पेटली की मी हात धरून ओटीवर येरझारा घालत राहिलो. पाहुण्यांना वाटलं मास्तर आरतीची तयारी करतायत. मग सुरू झाली वणवण. एकाने सांगितलं खांदा आखडला, दुसऱ्याने सांगितलं मणका झिजला. तिसऱ्याने मानेला पट्टा बांधला. तो बांधून मी वर्गात गेलो आणि पोरांना आनंद झाला, कारण आता सरांना पटकन मागे वळता येणार नव्हतं. शेजारच्या वाडीतल्या एका चोळणाऱ्याने तेल लावून असा काही रगडला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दिवाळीपर्यंत आग शमली आणि हात लाकडासारखा झाला. ताटातला घास तोंडाशी न्यायला डाव्या हाताने उजव्याचं कोपर उचलावं लागे.

डॉक्टरांचं निदान होत नव्हतं, पण माझं स्वतःचं निदान पहिल्या पहाटेलाच झालं होतं. आग जिथे पेटली होती तिथेच, बरोबर त्याच चार बोटं जागेवर, पालखीचा दांडा बसतो. मी कुणाला बोललो नाही. एकटा असलो की मात्र कुणीतरी पाठीशी उभं राहून त्या जागेवर बोट ठेवतंय असं वाटे, आणि ते बोट कुणाचं हेही मला माहीत होतं. चार महिने मी उत्तर शोधत फिरत होतो ते खरं तर दुसरं कुठलंही उत्तर मिळावं म्हणून.

"भावजींना बोलवायला पायजे," घाट संपल्यावर वनिता म्हणाली.



आमच्या वडाखोल गावात शिमग्याला वाघजाईची पालखी निघते. पालखी गावाची, पण तिला पहिला खांदा पाष्ट्यांच्या घराचा. हा आमचा मान. पणजोबांपासून चालत आलेला. सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, ढोल वाजतात आणि पालखी खांद्यावर नाचवतात. पुढे एक, मागे एक. त्या वर्षी पुढे रघुनाथदादा होता आणि मागे मी. मी सत्तावीस वर्षांचा, चार वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला मास्तर. दादा एकतीसचा. गवंडी होता. जांभ्याचा चिरा एका हाताने उचलून भिंतीवर ठेवायचा, गावात दुसऱ्या कुणाला ते जमत नसे.

पालखी तिसऱ्या फेरीला होती. दादाचा खांदा एकदम खाली गेला. तो अडखळला नाही, घसरला नाही. खांदाच गेला. दांडा त्याच्या पाठीवरून सरकला आणि देवीची पालखी मातीत पडली. ढोल थांबले. बायका रडायला लागल्या. दादा गुडघ्यावर बसून पालखी उचलू बघत होता आणि त्याचा उजवा हात काही केल्या वर येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकी, म्हणजे गावाची बैठक, बसली. प्रश्न सरळ होता. माणसाच्या चुकीने पालखी पडली असेल, तर तो माणूस दोषी. पण चूक नसताना पडली असेल, तर देवीनेच त्या घराचा खांदा नाकारला असं धरायचं. मग गुरव कौल लावणार, मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावणार, आणि पाकळी डाव्या अंगाची पडली की पाष्ट्यांचा मान कायमचा गेला.

त्या वेळचे गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, म्हणाले, "अनंता, तू शिकलेला हायस. मास्तर हायस. देवीच्या पायरीवर हात ठेव आणि सांग. तुझा भाऊ प्यायला व्हता की नव्हता?"

मी पायरीवर हात ठेवला. सांगितलं, "प्यायला होता."

हे खोटं नव्हतं. त्याच्या तोंडाला वास येत होता, आणखी चौघांना आला होता. एवढंच मी तेव्हा सांगितलं. आत्ताही एवढंच सांगतो, राहिलेलं पुढे येईल.

घराचा मान राहिला. दादाला गावकीतून काढलं, देवळाची पायरी बंद केली. महिनाभरात तो यशोदावहिनीला घेऊन पावसजवळच्या एका आंब्याच्या बागेत राखणीला गेला. एका हाताचा गवंडी कोण ठेवतो? पुढच्या शिमग्याला पहिला खांदा मी दिला आणि त्यानंतर सलग बावीस वर्षं देत आलो. दादाला मी भेटलो दोनदा. आई गेली तेव्हा, आणि तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली तेव्हा. दोन्ही वेळा माणसं होती, बोलायची गरज पडली नाही.

आता माघात पुन्हा गावकी बसणार होती आणि खांदे ठरणार होते. मला तिथे सांगावं लागणार होतं की माझा हात चालत नाही. का चालत नाही तेही.

रविवारी मी एकटाच पावसला गेलो. वनिताला सांगितलं, शाळेचं काम आहे. बागेत आंब्याला मोहोर आला होता आणि दादा डाव्या हाताने पालापाचोळा ओढत होता. पोट सुटलेलं, केस पांढरे. उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातलेला. मी फाटकातून आत आलो तसा तो थांबला. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून चाललो होतो, त्याकडे तो बघत राहिला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गणपतीपासून."

"आधी जळलं?"

"हो."

"निखारा ठेवल्यागत. कुशीवर निजवत नाय. पंधरा दिवसांनी जळायचं थांबतं आणि वाटतं सुटलो. मग एक दिवस तांब्या हातातून पडतो."

"तांब्या नाही, खडू," मी म्हणालो.

पाच डॉक्टरांना जे महिनोन्‌महिने सांगून कळलं नव्हतं ते हा माणूस फाटकात उभा राहून मला सांगत होता. त्याने मला ओसरीवर बसवलं. आत जाऊन एक गोणपाट आणलं, घडी केली आणि माझ्या कोपराखाली सरकवली. मग माझा हात उचलून थोडा पुढे घेऊन त्या घडीवर ठेवला. "असा ठेव. लोंबता ठेवायचा नाय. लोंबला की मान वढते." चार महिन्यांत पहिल्यांदा त्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मला रडू आलं. एकोणपन्नासाव्या वर्षी, मिशा पिकलेला मास्तर, मी गोणपाटावर हात ठेवून हुंदके देऊन रडलो.

"लय दुखतं?"

"दादा, मी देवीपुढे खोटं बोललो."

"खोटं कुठं? प्यायलोच व्हतो मी."

"कुणी पाजली ते नाही सांगितलं मी."

त्याने माझ्या कोपराखालची घडी पुन्हा सारखी केली.

त्या दुपारी, ढोल सुरू व्हायच्या आधी, दादा घरामागे माझ्याकडे आला होता. म्हणाला होता, अनंता, आज मला बाजूला ठेव, खांद्यात जीव नाय. दुसऱ्या कुणाला पुढं घे. पंधरा दिवस तो खांद्याने तळमळत होता ते मी बघितलं होतं. मी म्हणालो, पाष्ट्यांनी खांदा दिला नाही तर मान घ्यायला भुवडांचं घर वाटच बघतंय. आणि मीच खोपटातली बाटली आणून त्याच्या हातात दिली. घोटभर घे, दुखणं मरेल. तो नको म्हणत होता. शिमग्याच्या दिवशी देवीच्या पालखीला असं जायचं नसतं, म्हणाला. मी पेला त्याच्या तोंडाला लावला, कारण त्याला उजव्या हाताने उचलताच येत नव्हता.

"तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "गावकीत समोर बसला होतास. एक शब्द बोलला नाहीस."

"तू सांगशील असं वाटलं. पहिलं वर्सभर वाटत व्हतं. शिमगा आला की यशोदेला बोलायचो, अनंता येईल बघ. यशोदेला म्या सगळं सांगितलं, हात आधीच गेल्ता म्हनून. तिला खरं नाय वाटलं. दारुडा काय, कायपन बोलतो."

मी खिशातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी वर्गात शिकवावं तशी एकेक गोष्ट समजावून सांगत गेलो. नसांचा जुडगा, सूज, वाळलेले स्नायू. भावाभावांत येतं, रक्तातून. तुझं नीट तपासायला हवं, पण बाईंना तसंच वाटतंय. आपोआप होतं. तो कागदावरच्या रेघांवरून डाव्या हाताचं बोट फिरवत ऐकत होता.

"आपोआप?"

"आपोआप. कुणाची चूक नसते."

"म्हंजे देवीनं धरलान नाय हात?"

"नाही."

"मला बावीस वर्सं वाटतंय, पिऊन खांदा दिला म्हनून देवीनं धरलान. आधी दुखत व्हतं ते पन मग मलाच खरं वाटेना. म्हटलं, गाव बोलतं, अनंता बोलतो, यशोदा बोलते, मग आपलंच कायतरी चुकत असेल." मग त्याने मला विचारलं, अगदी हळू, शाळेतल्या पोराने गणित बरोबर आलं का विचारावं तसं. "अनंता, म्हंजे मी पाडली नाय?"

"नाही दादा. तू नाही पाडलीस."

"खरं बोलतोस?"

"खरं."

त्याने तोंडावरून सदऱ्याची बाही फिरवली आणि उठून आत चहा ठेवायला गेला. बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज आला नाही. मी बाहेर बसून राहिलो. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

माघातल्या गावकीला मी दादाला घेऊन गेलो. तो देवळाच्या आत यायला तयार नव्हता, पायरीपाशी चप्पल काढून उभा राहिला. वनिता बायकांत बसली होती. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. भिकाजी भुवड आता गावकर होते. मी पायरीवर हात ठेवला, डावा, कारण उजवा तिथवर पोचत नव्हता, आणि सगळं सांगितलं. दादाचा खांदा आधीच गेला होता. त्याने मला विनवलं होतं. दारू माझी, पेलाही मीच लावला. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा घराचा मान राखायला मी अर्धंच सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिकाजी एवढंच म्हणाले, "मास्तर, बावीस वर्सं तुम्ही आमच्या पोरांना खरं बोला म्हनून शिकवलंत." मी वनिताकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. पुढे कितीतरी महिने ती माझ्या सदऱ्याची बटणं लावायची, पण माझ्याशी बोलायची नाही.

मान पाष्ट्यांकडून गेला. पहिला खांदा त्या वर्षीपासून भुवडांचा झाला आणि तो योग्यच झाला, कारण आमच्या घरात आता ओझं पेलणारा खांदाच उरला नव्हता. पण उठण्याआधी भिकाजी बाहेर गेले, दादाला डाव्या दंडाला धरून पायऱ्या चढवून आत आणलं आणि गुरवाला देवीचा नारळ त्याच्या ओंजळीत ठेवायला लावला. त्याची ओंजळ नीट होत नव्हती, तेव्हा भिकाजींनी खालून आपला हात लावला. बायका पुन्हा रडल्या. दादा मूर्तीकडे बघत उभा होता. त्याचे ओठ हलत होते, पण तो काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला मी त्याला सोडायला फाट्यावर गेलो. नारळ त्याने पिशवीत ठेवला नव्हता, काखेत धरला होता. मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. मला वाटलं होतं, खरं सांगायचं तर, आता माझ्याही पाठीशी उभं असलेलं ते कुणीतरी निघून जाईल. वळणावर गाडीचा आवाज आला.

"झालं बघ सगळं," मी म्हणालो. "सगळ्या गावासमोर सांगितलं."

"व्हय. बरं केलंस."

गाडी येऊन थांबली. त्याने नारळ माझ्या डाव्या हातात दिला, दांडा धरून पायरीवर चढला, आणि नारळ परत घ्यायला खाली वाकला.

"गावाला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं रे, अनंता," तो म्हणाला. "यशोदेला तेवढं सांगायचं व्हतंस."